विमानतळाच्या डोक्यावरची मोकळी वाट

लॉस एंजेलिसच्या मुख्य विमानतळाला सगळे एलएएक्स म्हणतात. 2023 साली तिथून साडेसात कोटी प्रवाशांनी ये-जा केली. चार समांतर धावपट्ट्या, आणि दिवसाला उतरणारी-उडणारी विमानं दीड हजारांच्या घरात. या विमानतळाच्या बरोबर मधोमध, धावपट्ट्यांच्या डोक्यावरून, भाड्याने घेतलेलं एका इंजिनाचं जुनं सेसना 172 घेऊन एखादा हौशी वैमानिक साडेतीन हजार फुटांवरून खुशाल आडवा जाऊ शकतो. त्यासाठी त्याला कुणाची परवानगी लागत नाही. कंट्रोल टॉवरशी एक शब्दही बोलावा लागत नाही.

ऐकणाऱ्याला ही थाप वाटते. पण अमेरिकेच्या विमान वाहतूक नियमांत ही वाट दिशा, उंची आणि वेगाच्या आकड्यांसकट लिहिलेली आहे. गंमत अशी की विमानतळापासून दहा-बारा मैल दूर, मोकळ्या वाटणाऱ्या आकाशात हाच माणूस विनापरवाना शिरला तर त्याचा परवाना धोक्यात येतो. लांब गेलं तर मनाई आणि मध्यावर मोकळीक, हे कसं, ते समजायला आधी तिथलं आकाश कसं वाटून घेतलंय ते बघायला हवं.

जमिनीवरून आकाश अखंड दिसतं. वैमानिकाच्या नकाशावर ते तसं नसतं. लॉस एंजेलिसचा वैमानिकी नकाशा उघडला की निळ्या आणि किरमिजी रेघांची इतकी दाटी दिसते की खालचं शहर शोधावं लागतं. निळ्या रेघांमधल्या तुकड्यांत अपूर्णांकासारखे आकडे छापलेले असतात. समजा, वर 100 आणि खाली 50. शेवटची दोन शून्यं गाळलेली असतात, म्हणजे या तुकड्यात बंदोबस्ताचं आकाश 5,000 फुटांवर सुरू होतं आणि 10,000 फुटांवर संपतं. 4,900 फुटांवर उडणारा माणूस बाहेर, आणखी शंभर फूट चढला की आत. मध्ये ना तार, ना खूण. भिंत फक्त नकाशावर आणि वैमानिकाच्या डोक्यात असते.

या भिंतींचा आकारही विलक्षण आहे. आपल्याकडे मडक्यांची उतरंड रचतात, मोठं खाली आणि लहान वर. ती उतरंड उलटी करून विमानतळावर उभी केली, तर अमेरिकेतल्या मोठ्या विमानतळांभोवतीच्या आकाशाचा आकार डोळ्यांसमोर येईल. जमिनीला टेकलेला भाग लहान, वरचे थर रुंद होत गेलेले. याला नाव आहे ‘क्लास बी’. रेडिओवर बी म्हणजे ‘ब्राव्हो’, त्यामुळे वैमानिकांच्या तोंडी नुसतं ब्राव्होच असतं. देशभरात अशी तीन-एक डझन आकाशं आहेत.

आकार उलटा का, याचं उत्तर उताराच्या हिशेबात आहे. उतरणारं जेट साधारण तीन अंशांच्या उतारावरून खाली येतं. एका सागरी मैलाला, म्हणजे 1.85 किलोमीटरला, तीनशे फुटांहून थोडं जास्त. याचा अर्थ धावपट्टीपासून दहा मैलांवर ते तीन हजार फुटांच्या आसपास असणार, वीस मैलांवर सहा हजारांच्या वर. वीस मैलांवरची खालची चार-पाच हजार फूट हवा त्याच्या काहीच उपयोगाची नाही. मग ती कशाला अडवून ठेवायची? ती बाकीच्यांना मोकळी सोडली आहे. बातम्यांची हेलिकॉप्टरं, उडायला शिकणारी पोरं, किनाऱ्यावरून जाहिरातीचे फलक ओढत नेणारी विमानं, रविवारी नाश्त्यासाठी शेजारच्या गावी उडत जाणारे निवृत्त डॉक्टर, सगळे या उतरंडीच्या काठांखालून फिरत असतात. मला या सगळ्या रचनेत सगळ्यात देखणी वाटते ती ही काटकसर. ज्याला जेवढं आकाश लागतं तेवढंच त्याच्या नावावर.

बाकीचे वर्ग भराभर सांगून टाकतो. 18,000 फुटांवर ‘क्लास ए’, तिथे नुसत्या नजरेच्या भरवशावर उडायला बंदी, त्यामुळे हौशी मंडळींचा संबंध येत नाही. बरबँकसारख्या मध्यम विमानतळांभोवती ‘सी’, सांता मोनिका किंवा हॉथॉर्नसारख्या टॉवर असलेल्या छोट्या विमानतळांभोवती ‘डी’. उरलेलं बरंचसं ‘ई’, आणि जमिनीलगत जे कुणाच्याच नियंत्रणात नाही ते ‘जी’.

आता या भिंतींतून आत जायचं कसं? दार उघडतं शब्दांनी. आणि कोणत्या दाराला कोणते शब्द, हे इतकं काटेकोर आहे की वकिलानेही मान डोलवावी.

समजा, विमानाचं रेडिओवरचं नाव ‘सेसना थ्री-फोर-झुलू’ आहे आणि त्याला बरबँकच्या ‘सी’ आकाशात शिरायचंय. वैमानिकाने हाक दिली. नियंत्रक कामात आहे, तो एवढंच म्हणतो, ‘सेसना थ्री-फोर-झुलू, स्टँडबाय.’ थांब जरा. आपल्याला वाटेल, थांबायला सांगितलंय. पण नियमाने आता आत जाता येतं! कारण ‘सी’ आणि ‘डी’ची अट एवढीच की दोघांमध्ये संवाद प्रस्थापित झाला पाहिजे, आणि नियंत्रकाने विमानाचं नाव उच्चारलं की तो झाला असं धरतात. तोच नियंत्रक जर म्हणाला, ‘हाक देणाऱ्या विमानाने थांबावं’, तर मात्र बाहेरच घिरट्या घालायच्या. त्याने नाव घेतलं नाही, म्हणजे तुम्हाला अजून ओळखलेलं नाही.

ब्राव्होचं दार याहून कडक. तिथे नाव घेतलं म्हणून भागत नाही. नियंत्रकाने चार आकडी सांकेतिक क्रमांक दिला, वैमानिकाने तो फिरवला, पडद्यावर विमान सापडलं, ‘रडार कॉन्टॅक्ट’ असं सांगून झालं, वीस मिनिटं दोघांचं छान बोलणं चालू आहे, तरी आत शिरायचं नाही. त्यासाठी कानावर पडलेच पाहिजेत असे शब्द आहेत: ‘क्लिअर्ड इन्टू द ब्राव्हो एअरस्पेस’. बोलणं फार मोकळंढाकळं चाललं असेल आणि हे शब्द आलेच नसतील, तर शहाणा वैमानिक भिंतीच्या अलीकडे वळतो आणि सरळ विचारतो, मला ब्राव्होची परवानगी आहे का? विचारण्यात कमीपणा नाही, आणि परवानगी गृहीत धरण्याइतकी वाईट सवय या धंद्यात दुसरी नाही.

शब्द मिळाले तरी व्यवहार पुरा होत नाही. वैमानिकाने ते पुन्हा म्हणून दाखवायचे असतात. ‘क्लिअर्ड इन्टू द ब्राव्हो, तीन हजार पाचशे फूट कायम, सेसना थ्री-फोर-झुलू.’ याला रीडबॅक म्हणतात. नियंत्रकाचं काम बोलून संपत नाही, ही परतफेड ऐकणंही त्याच्याच कामाचा भाग आहे. वैमानिकाने साडेतीनऐवजी साडेचार म्हटलं, तर ती चूक पकडण्याची हीच जागा. दोन अनोळखी माणसं, एकमेकांना कधीही न बघितलेली, कामाचा प्रत्येक आकडा एकमेकांच्या तोंडून तपासून घेत असतात. नऊला ‘नायनर’ म्हणायचं, हेसुद्धा खरखरीत ऐकू येणाऱ्या ‘नाइन’चं ‘फाइव्ह’ होऊ नये म्हणून.

अनोळखी म्हणजे किती? या भागातल्या वैमानिकाने ‘सोकॅल अप्रोच’ अशी हाक दिली की उत्तर देणारा माणूस लॉस एंजेलिसमध्ये नसतोच. तो बसलेला असतो सॅन डिएगोजवळच्या मिरामारमध्ये, दीडशेहून जास्त किलोमीटर लांब. विमान त्याने खिडकीतून पाहिलेलं नसतं. त्याला दिसतो पडद्यावरचा एक ठिपका, आणि ठिपक्याशेजारी तो मघाचा चार आकडी क्रमांक.

हा क्रमांक पाठवणारं यंत्र म्हणजे ट्रान्सपॉन्डर, कॉकपिटमधली एक छोटी डबी. जमिनीवरच्या रडारने विचारलं की ती उत्तर देते: माझा क्रमांक अमुक, उंची तमुक. आकडे फक्त 0 ते 7, म्हणून एकूण क्रमांक 4,096. त्यांतले काही राखीव. कुणाशी न बोलता नजरेने उडणाऱ्यांसाठी 1200. रेडिओ बंद पडला तर 7600, संकट आलं तर 7700. आणि 7500 म्हणजे अपहरण. तो क्रमांक चुकूनही लागू नये म्हणून शिकणाऱ्याला आकडे जपून फिरवायला सांगतात.

ही डबी उंची सांगते हे आज इतकं साधं वाटतं. 31 ऑगस्ट 1986 या रविवारी ते साधं नव्हतं. एलएएक्सच्या दक्षिणेला असलेल्या टॉरन्सच्या विमानतळावरून एक छोटं पायपर आर्चर बिग बेअरच्या डोंगराकडे निघालं. आत तिघं जण. आकाश स्वच्छ, दूरवरचं दिसत होतं. त्याच वेळी मेक्सिको सिटीहून निघालेलं, वाटेत थांबे घेत आलेलं एअरोमेक्सिकोचं डीसी-9 एलएएक्सकडे उतरत होतं. पायपर न विचारता बंदोबस्ताच्या आकाशात शिरलं होतं, आणि त्याच्या ट्रान्सपॉन्डरला उंची कळवण्याची सोय नव्हती. नियंत्रकाला पायपरची चाहूल लागली नाही. कहर म्हणजे त्या क्षणांत तो असंच विनापरवाना शिरलेल्या दुसऱ्याच एका छोट्या विमानाशी बोलण्यात गुंतला होता. बाराच्या सुमारास, साधारण साडेसहा हजार फुटांवर, दोघं धडकली. डीसी-9 सेरिटॉस गावातल्या घरांवर कोसळलं. दोन्ही विमानांतले 67 आणि जमिनीवरचे 15, असे 82 जण गेले.

तपासाचा निष्कर्ष मला महत्त्वाचा वाटतो. पायपरचं घुसणं चुकीचं होतंच, पण तपास करणाऱ्यांनी मुख्य बोट ठेवलं ते यंत्रणेच्या मर्यादेवर. ‘बघा आणि टाळा’ हे तत्त्व मोटारींच्या वेगाला ठीक. दोन विमानं एकमेकांकडे येताना समोरचं विमान काचेवर न हलणाऱ्या ठिपक्यासारखं दिसतं आणि शेवटच्या काही सेकंदांत एकदम मोठं होतं. म्हणून त्यानंतर मोठ्या विमानतळांभोवती तीस सागरी मैलांच्या वर्तुळात उंची सांगणारा ट्रान्सपॉन्डर सक्तीचा झाला, प्रवासी विमानांत एकमेकांना ओळखून ‘चढा’, ‘उतरा’ असं ओरडणारं टीकॅस नावाचं यंत्र आलं. आज आपण ज्या निर्धास्तपणे खिडकीशेजारी डुलकी काढतो, त्यात सेरिटॉसचा वाटा आहे. 2020 पासून तर बहुतेक नियंत्रित आकाशात प्रत्येक विमानाला आपला ठावठिकाणा स्वतःहून प्रसारित करत राहावा लागतो.

नियमांच्या पुस्तकात एक नोंद अशी आहे की ती वाचून आधी बुचकळ्यात पडायला होतं. नजरेने उडणाऱ्याने साध्या ‘ई’ आकाशात ढगांपासून बरंच अंतर ठेवायचं: खालून 500 फूट, वरून 1,000, बाजूने 2,000. आणि सगळ्यात गजबजलेल्या ब्राव्होत? नुसतं ढगाच्या बाहेर राहिलं की झालं, अगदी कडेने गेलं तरी चालेल. गर्दी जास्त तिथे सूट जास्त! कारण असं की ‘ई’मध्ये ढगातून अचानक कोण बाहेर येईल याचा नेम नाही, म्हणून टाळायला जागा हवी. ब्राव्होत ढगाच्या आत कोण आहे हे नियंत्रकाला ठाऊक असतं, कारण त्याच्या परवानगीशिवाय तिथे कुणीच नसतं. कडक दाराच्या बदल्यात आत गेल्यावर मिळणारी ही मोकळीक.

आता त्या विमानतळावरच्या वाटेकडे येऊ. एलएएक्सवर बहुतेक वेळा विमानं पूर्वेकडून, शहरावरून उतरतात आणि पश्चिमेकडे, समुद्रावर उडतात. पूर्वेला दहा मैलांवर जेट तीन हजार फुटांवर, पाच मैलांवर दीड हजारांच्या आसपास, आणि धावपट्टीच्या तोंडाशी पन्नासेक फूट. उडणारं जेट धावपट्टीच्या पूर्व टोकाला धावायला लागतं आणि बराच पल्ला धावल्यावर चाकं उचलतं. खरी उंची ते मिळवतं समुद्रावर. मग विमानतळाच्या बरोबर माथ्यावर, साडेतीन हजार फुटांवर काय असतं? काही नाही. खाली प्रत्येक जेट एक तर जमिनीवर, नाही तर जमिनीला चिकटून. पूर्वेचा उतार आणि पश्चिमेचा चढ यांच्यामधल्या या रिकाम्या खिंडीतून आडवी वाट काढली आहे. धोका दोन्ही टोकांना आहे, मध्यभागी नाही.

वाट फुकट असली तरी शिस्त सक्तीची. सांता मोनिकाच्या रेडिओ दिशादर्शकापासून निघणाऱ्या 132 अंशांच्या रेघेवरच राहायचं. आग्नेयेकडे जाणाऱ्याने 3,500 फुटांवर, वायव्येकडे येणाऱ्याने 4,500 वर, म्हणजे समोरासमोर येणाऱ्यांत हजार फुटांचं अंतर आपोआप पडतं. वेग 140 नॉटच्या आत, म्हणजे ताशी 260 किलोमीटरच्या खाली. जेटना मज्जाव. दिवे लावलेले, चालू नकाशा विमानात ठेवलेला, ट्रान्सपॉन्डरवर 1201. नेहमीच्या 1200 मध्ये एकाची भर घातली की मिरामारच्या पडद्यावर कळतं, हा गडी वाटेवर आहे. रेडिओवर 128.55 लावायचं आणि आपणच आपली खबर द्यायची: सांता मोनिकाहून निघालो, साडेतीन हजारांवर, आग्नेयेकडे. ऐकणारे फक्त त्याच वाटेवरचे इतर वैमानिक.

याच वाटेच्या खाली, 2,500 फुटांवर, आणखी एक वाट आहे, ‘मिनी रूट’. ती मात्र ब्राव्होच्या आतून जाते, त्यामुळे परवानगीशिवाय नाही. सांता मोनिका, एलएएक्स आणि हॉथॉर्न या तीन टॉवरांनी विमान काही मिनिटांत एकमेकांच्या हाती सोपवायचं. हजार फूट खाली उतरलं की तीन नियंत्रक हवेत आणि हजार फूट वर गेलं की एकही नको. हा हिशेब पहिल्यांदा कळतो तेव्हा नियमांच्या पुस्तकाबद्दल थोडी माया वाटायला लागते.

पण स्वतःची खबर स्वतः देण्यावर चालणारी वाट तेवढीच भरवशाची, जेवढे तिच्यावरचे लोक. न्यूयॉर्कमध्ये हडसन नदीवर अशीच मोकळी वाट आहे. 8 ऑगस्ट 2009 रोजी तिथे एक पायपर आणि पर्यटकांचं एक हेलिकॉप्टर धडकून नऊ जण मेले. त्यानंतर तिथे कोणी कोणत्या उंचीवरून जायचं, कुठे कुठे आपली खबर द्यायची हे नियमाने बांधून दिलं. वाट बंद केली नाही, याचं मला कौतुक वाटतं.

आपल्याकडे चित्र वेगळं. भारतात खाजगी विमानाला एका विमानतळावरून दुसऱ्याकडे जायचं तर आधी फ्लाइट प्लॅन भरायचा, मग दोन क्रमांक मिळवायचे. एक हवाई संरक्षणाच्या परवानगीचा एडीसी क्रमांक, दुसरा फ्लाइट इन्फर्मेशन सेंटरचा एफआयसी क्रमांक. ते हातात असल्याशिवाय निघता येत नाही. जेआरडी टाटा 15 ऑक्टोबर 1932 ला कराचीहून पुस मॉथ घेऊन जुहूला उतरले, तेव्हाचं आकाश किती रिकामं असेल! आज त्याच जुहूवरून समुद्रातल्या तेलविहिरींकडे जाणारी हेलिकॉप्टरं मुंबईच्या मोठ्या विमानतळाच्या अगदी कुशीतून ये-जा करतात, जुहू आणि मुंबई यांच्या नियंत्रकांच्या तालावर. दोन्ही विमानतळ इतके जवळ की 1972 साली जपान एअरलाइन्सचं एक डीसी-8 मुंबईऐवजी जुहूवरच उतरलं आणि धावपट्टी संपल्यावर पुढे गेलं.

नियंत्रक एवढं सगळं ठरवतो म्हणजे विमान तोच चालवतो, असा समज करून घेऊ नये. विमानाची अंतिम जबाबदारी वैमानिकाची, हे नियमात स्पष्ट आहे. नियंत्रकाने वळायला सांगितलं आणि वळणावर ढग उभा असेल, तर नजरेने उडणाऱ्याने त्यात शिरायचं नाही. त्याने एक शब्द बोलायचा: ‘अनेबल’. जमणार नाही. कारण लगेच द्यावं लागत नाही आणि नियंत्रकही हुज्जत घालत नाही, दुसरा रस्ता देतो. नवशिक्यांना हा शब्द उच्चारायला फार जड जातो असं शिकवणारे सांगतात. समोरचा आवाज अधिकाराचा असतो ना.

आणि रेडिओच मेला तर? सगळा कारभार शब्दांवर, आणि शब्दच नाहीत. सांता मोनिकासारख्या टॉवरवर त्यासाठी एक दिव्याची बंदूक असते, विमानावर रोखून प्रकाश फेकायची. हवेतल्या विमानाला स्थिर हिरवा म्हणजे उतरा. लुकलुकता हिरवा, उतरण्यासाठी परत या. स्थिर लाल, दुसऱ्याला वाट द्या आणि घिरट्या घालत राहा. लुकलुकता लाल, विमानतळ सुरक्षित नाही, उतरू नका. इथेही नुसतं बघून चालत नाही, रीडबॅक द्यावाच लागतो: दिवसा पंख डावी-उजवीकडे हलवून, रात्री समोरचा दिवा लावून-विझवून.